कालवांचे मोल मोत्यात नाही

शिंपला म्हटला की मोती आठवतो. ओहोटीच्या वेळी कोकणात खडकांवरून ठोकून काढली जाणारी कालवे, म्हणजेच इंग्रजीतील ऑयस्टर, या बाबतीत मात्र निराशाच करतात. दागिन्यांतील मोती ज्या शिंपल्यांत तयार होतात, ते वेगळ्या कुळातले. खाद्य कालवात क्वचित मोती सापडलाच, तरी तो निस्तेज असतो. सराफ त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही!

हा जीवही मोठा विलक्षण आहे. त्याला डोके नाही, रक्त रंगहीन. हृदय मात्र तीन कप्प्यांचे. अंड्यातून निघालेली अळी दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते आणि मग खडकाला किंवा जुन्या शिंपल्याला कायमची चिकटते. आधीची कालवे असतील तेथेच बसणे अळ्या पसंत करतात. असे थरावर थर चढून कालवांची बेटेच तयार होतात आणि त्यांच्या कपारींत मासे व खेकडे आसरा घेतात. अनेक जातींतील कालव तारुण्यात नर असते आणि पुढे मादी होते.

जागचे हलता येत नसल्याने कालव पाणीच आत ओढून घेते. कल्ल्यांवर सूक्ष्म वनस्पतींचे कण अडकतात. नकोसा गाळ चिकट द्रवात गुंडाळून बाहेर टाकला जातो आणि तळाशी बसतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एक मोठे कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला सुमारे १९० लिटर पाणी गाळू शकते. तेथील चेसापीक उपसागराविषयी १९८८ मध्ये मांडलेला हिशेब बोलका आहे. १८७० पूर्वीची कालवे संपूर्ण उपसागराइतके पाणी आठवड्याच्या आत गाळत असावीत. बेसुमार उपसा आणि रोगराईनंतर उरलेल्यांना त्याच कामाला जवळपास वर्ष लागले असते.

हाच गुण कालवाच्या मुळावरही येतो. एकेकाळी न्यूयॉर्कमध्ये कालवे रस्त्यावर स्वस्तात विकली जात. शहराचे सांडपाणी बंदरात मिसळू लागले, त्यातील जंतू कालवांत साठू लागले आणि विषमज्वराच्या भीतीने १९२७ पर्यंत तेथील कालवांची उरलीसुरली क्षेत्रेही बंद करावी लागली. २०१४ पासून तेथे शाळकरी मुले व स्वयंसेवकांच्या मदतीने, उपाहारगृहांतून गोळा केलेल्या शिंपल्यांवर अळ्या बसवून, कालवे पुन्हा वाढविली जात आहेत. २०३५ पर्यंत एक अब्ज कालवांचे उद्दिष्ट आहे. पण ती खाण्यासाठी नाहीत, पाण्यासाठी आहेत.

आपल्याकडे कालवे शिजवून खातात, हे शहाणपणाचेच. कच्च्या कालवांतून होणारा जंतुसंसर्ग त्यामुळे बव्हंशी टळतो. मात्र कारखान्यांच्या सांडपाण्यातून खाडीत उतरलेले शिसे आणि कॅडमियमही कालवाच्या मांसात साठते आणि ते कितीही उकळले तरी नष्ट होत नाही. म्हणून बाजारात कालवांचा वाटा घेताना ताजेपणाबरोबरच ती कोणत्या खाडीतली आहेत, हेही विचारावे.