विश्लेषण : तणनाशकाने पांढरे पडलेले गवत लोहामुळे वाचते का?

गोल्फच्या मैदानावर तणनाशक फवारले की तण मरते. पण आठवडाभरात जपलेले हिरवे गवतही पांढरे पडू लागते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत यावर फवारणीच्या पाण्यात लोह मिसळण्याचा उपाय तपासला गेला. त्याचा उपयोग कितपत होतो आणि कुठे होत नाही?

नेमकी अडचण काय?

अमेरिकेच्या दक्षिणेत मैदानांवर प्रामुख्याने बर्म्युडा गवत असते. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, म्हणजेच दूर्वा, आणि तिच्या संकरित जाती. आपल्याकडे शेतकरी जी हरळी खणून खणून थकतो, तीच तिथे पैसे मोजून वाढवली जाते. तिच्यात शिरणारे चिवट तण म्हणजे गूसग्रास. हे गवत नाचणीच्या कुळातले असून तुडवलेल्या, घट्ट जमिनीत जोमाने वाढते. त्यावर पूर्वी आर्सेनिकयुक्त एमएसएमए वापरले जाई. मात्र, २००९ पासून अमेरिकी पर्यावरण संस्थेने त्याच्या वापरावर कडक मर्यादा आणल्या. त्यामुळे मैदान राखणाऱ्यांचे लक्ष टोप्रामेझोनकडे वळले. आपल्याकडचे मका उत्पादक या तणनाशकाला ओळखतात. हे गूसग्रासवर चांगले चालते. पण हरळीलाही झळ पोहोचवते.

गवत पांढरे का पडते?

टोप्रामेझोन वनस्पतीतील ‘एचपीपीडी’ हे विकर बंद पाडते. ते बंद पडले की पानातील कॅरोटिनॉइड ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये तयार होत नाहीत. हरितद्रव्याला कडक उन्हापासून वाचवण्याचे काम तीच करतात. संरक्षण गेले की ऊन हरितद्रव्य नष्ट करते आणि नवी पाने पांढरी निघतात. मका हे रसायन आपल्या पेशींत झटपट मोडून टाकतो, म्हणून तो तगतो. हरळीला ते तितके जमत नाही. मात्रा कमी असेल तर ती साधारण दोन ते चार आठवड्यांत सावरते. मात्र, सामने तोंडावर असताना पांढरे मैदान कोणालाच परवडत नाही.

लोह इथे काय करते?

हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसते, मॅग्नेशियम असते. पण हरितद्रव्य घडवण्याच्या प्रक्रियेला लोह लागते. म्हणूनच लोह कमी पडले की शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. शिवाय, एचपीपीडी विकराच्या केंद्रस्थानी लोहाचाच अणू असतो आणि तणनाशक तिथेच जाऊन चिकटते.

अलाबामातील ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी टोप्रामेझोनसोबत चिलेटेड लोह मिसळून पाहिले. हरळीचे पांढरे पडणे कमी झाले आणि गूसग्रासवरील परिणामही टिकून राहिला.

मग हा उतारा म्हणायचा का?

नाही. लोहाचा मोठा फायदा रंग टिकण्यात दिसतो; तणनाशकाचा परिणाम त्याने पुसला जात नाही. लोह वनस्पतीत जुन्या पानांतून नव्या पानांत फारसे सरकत नाही. ज्या पानावर फवारा बसतो तेच हिरवे होते आणि कापणीबरोबर तो रंगही जातो. ग्लायफोसेटने मुळापासून मेलेले गवत तर कितीही लोह दिले तरी उठत नाही. उलट, ग्लायफोसेटच्या टाकीत लोह मिसळले तर दोघे एकमेकांना बांधून ठेवतात आणि तणही नीट मरत नाही. त्यामुळे ‘लोह मिसळा’ हा सल्ला सरसकट लागू होत नाही.

हिराकस की चिलेटेड लोह?

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, स्वस्त असते. पण चुनखडीच्या जमिनीत टाकले तर लवकरच अडकून पडते आणि मुळांना मिळत नाही. ईडीटीएयुक्त चिलेटेड लोहही अशा जमिनीत फार टिकत नाही. ते पानांवर फवारणे बरे. प्रमाण जास्त झाले तर गवत काळपट पडते. फवारा पेव्हर ब्लॉक किंवा पायवाटेवर उडाला तर तांबूस डाग पडतात आणि ते सहजी निघत नाहीत. म्हणून सांडलेले लगेच धुवावे.

नुकसान टाळण्याचा आणखी मार्ग?

दक्षिण कॅरोलायनातील क्लेमसन विद्यापीठात फवारणीनंतर लगेच पाणी देण्याचा प्रयोग झाला. त्यात हरळीची इजा कमी झाली आणि गूसग्रासही आटोक्यात राहिले. तण लहान असताना कमी मात्रेत फवारणे आणि पाण्याच्या ताणात असलेल्या गवतावर फवारणी टाळणे, हेही तितकेच महत्त्वाचे.

आपल्या सोसायटीच्या लॉनसाठी याचा अर्थ काय?

भारतात टोप्रामेझोनची शिफारस मक्यासाठी आहे. शेतातून उरलेली बाटली लॉनवर रिकामी करणे धोक्याचे आहे. लॉनवर तुरळक तण असेल तर पावसानंतर जमीन ओली असताना खुरप्याने मुळासकट काढणे सोपे आणि स्वस्त. औषध वापरायचेच असेल तर लेबलवर लॉनचा उल्लेख आहे का, ते पाहावे. आधी कोपऱ्यातल्या चार-पाच फुटांच्या तुकड्यावर फवारून दोन आठवडे थांबावे. तो तुकडा पांढरा पडला तर लोहाची पिशवी आणायला धावण्यापेक्षा मात्रा आणि औषधाची निवड पुन्हा तपासावी.