वाळ्याची ताटी : जुन्या घरांतील थंडाव्याची व्यवस्था

जुन्या वाड्यांचीं व हवेल्यांचीं वर्णनें लिहितांना तेथील उन्हाळ्यांतील थंडाव्याचें श्रेय जाड भिंती, चौक, तळघरें व कारंजीं यांस देण्याचा प्रघात आहे. हें म्हणणें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. भिंत आजही उभी असते व तिचें माप घेतां येतें. दारांत दर उन्हाळ्यास बांधावयाची आणि मृगाचा पाऊस पडतांच उतरावयाची वाळ्याची ताटी मात्र आपल्या मागें कांहीं ठेवीत नाहीं. फार तर चौकटींतील एखादी कडी. टिकाऊ वस्तूंवरूनच इतिहास रचावयाचा म्हटल्यास ही अर्धी व्यवस्था व ती चालविणारीं माणसें अजीबात वगळलीं जातात. तीं कशीं शोधावीं, हें दाखविणें हा या लेखाचा हेतु आहे.

वाळा म्हणजे संस्कृतांतील उशीर. या गवताचीं मुळें बारीक, सुगंधी व पाणी धरून ठेवणारीं असतात. बांबूच्या कामट्यांच्या चौकटींत तीं पसरून बांधलीं म्हणजे ताटी तयार होते. ज्या बाजूनें ऊन वारा येतो त्या बाजूच्या दारांत ती घट्ट बसवावयाची आणि बाहेरून सतत भिजवावयाची, एवढीच कृति. अबुल फजल यानें ऐन-इ-अकबरींत वाळ्याच्या अशा खोल्यांचा उल्लेख केला असून अकबराच्या आज्ञेनें त्या प्रचारांत आल्या असें म्हटलें आहे. फ्रेंच वैद्य बर्निए यानें १६६३ च्या आपल्या पत्रांत दिल्लीच्या घरांचें जें वर्णन केलें आहे, त्यांत तळघरांबरोबरच बागेंत हौदाजवळ उभारलेल्या वाळ्याच्या खोल्या येतात. आणि नोकर कातडी पखालींतून पाणी आणून त्या बाहेरून भिजवीत, हेंही तो नमूद करतो. बर्निएची ही नोंद आपल्या विषयास विशेष महत्त्वाची आहे, कारण तींत खोलीबरोबर माणूसही दिसतो.

ताटीचें तत्त्व असें. पाण्याची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता शोषून घेतें. एक लिटर पाणी उडून जाण्यास सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. कोरडा वारा ओल्या मुळांतून जातांना ही उष्णता स्वतःजवळची देतो व थंड होऊन आंत येतो. परंतु हवा मुळांतच दमट असेल तर पाणी उडत नाहीं. हवेची उष्णता ४२ अंश व सापेक्ष आर्द्रता शेंकडा १५ असतां वारा फार तर सुमारें २२ अंशांपर्यंत निवूं शकतो; तोच ३३ अंश व शेंकडा ७० आर्द्रता असतां २८ अंशांच्या खालीं जात नाहीं. यास्तव नागपूर, वऱ्हाड व खानदेश येथें ताटी उपयोगी, आणि मुंबई व कोंकणपट्टींत निरुपयोगी. जुन्या घरांच्या अभ्यासकानें प्रथम हा प्रांतभेद ध्यानांत घ्यावा.

आतां तिच्या निगेचा विचार करूं. ताटी वाळली कीं तिचा पडद्यापलीकडे उपयोग उरत नाहीं. म्हणून दुपारभर कोणीतरी पाणी शिंपीत राहिलें पाहिजे. पाण्यांतील क्षार व वाऱ्यांतील धूळ मुळांत सांचून वाट बुजते. मुळें कुजतात, कामट्या सुटतात. अर्थात् मधून मधून डागडुजी आणि दर उन्हाळ्यास नवी मुळें, हा तिचा नित्याचा खर्च होय. वारा पडला तर ताटी असून नसून सारखीच. यावर इंग्रजी अमदानींत एक यंत्र निघालें. ओल्या ताट्यांनीं वेढलेल्या पेटींत उफणणीच्या यंत्रासारखे पंखे हातानें फिरवून खिडकींतून थंड वारा आंत ढकलावयाचा. त्यास थर्मँटिडोट म्हणत. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशांत त्याचें वर्णन आहे. मात्र यानें श्रम वांचले नाहींत. पाणी घालणाऱ्याच्या जोडीस चाक फिरविणारा आणखी एक मनुष्य लागला, एवढेंच.

दिवसाकांठीं शंभर लिटर पाणी एका ताटींतून उडालें असें धरलें, तर तें शोषील ती उष्णता ५८,००० किलोकॅलरी होते. आठ तासांवर ती वांटली असतां आजच्या वातानुकूलन यंत्राच्या भाषेंत सुमारें २.४ टन भरते. या ‘टन’ शब्दाचीही एक कथा आहे. २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता घेईल तेवढें काम म्हणजे एक टन. यंत्रापूर्वीं थंडावा बर्फाच्या रूपानें विकत मिळे, त्याची ही खूण आहे. १८३३ च्या मे महिन्यांत ‘टस्कनी’ जहाज बॉस्टनहून १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन निघालें व सप्टेंबरांत सुमारें १०० टन शिल्लक राखून कलकत्त्यास पोंचलें. पुढें कृत्रिम बर्फाचे कारखाने निघाल्यावर हा व्यापार बसला. माप मात्र टिकलें. आज घरोघरीं यंत्र बसविणारा कारागीर दीड टन, दोन टन असें बोलतो तें त्या बर्फाचेंच माप होय.

ताटीही नामशेष झाली नाहीं. विदर्भांत उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर बाहेर निघतो, त्याच्या तिन्ही बाजूंचें जुनें गवत काढून नवें भरलें जातें, पंप व पंखा तपासला जातो. पखालीची जागा पंपानें व वाऱ्याची जागा विजेच्या पंख्यानें घेतली. पण दर वर्षीं बदलण्याचा नेम तोच आहे. थंडावा ही एकदां विकत घेऊन संपणारी वस्तु नव्हे, तिची चाकरी अखंड करावी लागते, हें त्या काळींही खरें होतें व आजही आहे. भेद इतकाच कीं, त्या काळीं आंतल्याच्या थंडाव्यासाठीं एक मनुष्य बाहेर उन्हांत उभा असे.

या मनुष्याचा पत्ता इमारतींत लागणार नाहीं. लागला तर जमाखर्चांत लागेल. पण तेथें सावधगिरी पाहिजे. ‘वाळा’ हा मुलाच्या पायांतील दागिनाही आहे, व उशीर या अर्थींही तो अत्तरासाठीं, औषधासाठीं किंवा पिण्याच्या पाण्यास वास लावण्यासाठीं घेतलेला असूं शकतो. ‘ताटी’ म्हणजे साधें झांपाचें दारही होतें. ‘शोरा’ दारूखान्याचा असेल. परंतु शोऱ्याच्या पाण्यांत सुरई फिरवून पाणी गार करण्याची रीत ऐन-इ-अकबरींत दिली आहे, तेव्हां तो आबदारखान्याचाही असूं शकेल. एकट्या शब्दावर निर्णय करूं नये. महिना कोणता, वजन किती, आणि शेजारीं बांबू, सुतळी, पखालजीची मजुरी अशा बाबी आहेत कीं काय, हें पाहावें. चैत्र-वैशाखांत वाळ्याची मणांनीं खरेदी व तिच्याजवळच पखालजीचें वेतन पडलें असेल, तर ताटीचें अनुमान बळकट होतें.

जुने वाडे पाडले जात आहेत व त्यांच्या चौकटी लांकूड म्हणून विकल्या जात आहेत. ज्या सज्जनांच्या घरीं अशीं दारें किंवा असे कागद असतील, त्यांनीं चौकट निघण्यापूर्वीं कड्यांची जागा, दाराची दिशा व जवळील हौदाचें अंतर टिपून ठेवावें, आणि किरकोळ खर्चाचे बंद रद्दींत घालूं नयेत. वाडा बांधणाऱ्याचें नांव शिलालेखांतही मिळेल. वाडा गार ठेवणाऱ्याची आठवण असल्यास ती त्या किरकोळ बंदांतच आहे.