खाऱ्या भाजीचे हिरवे गणित

रायगड जिल्ह्याच्या खाडीकाठी 'मोरस' नावाची भाजी पिढ्यान् पिढ्या खाल्ली जाते. खारट चिखलात वाढणाऱ्या या झुडपाची कोवळी, मांसल पाने खुडायची, उकळून त्यांतले खारे पाणी पिळून टाकायचे आणि मग डाळ किंवा जवळा घालून भाजी करायची. वेगळे मीठ घालण्याचे कारण पडत नाही. खाडीकाठच्या गृहिणीला ही नित्याची पाककृती वाटते. रसायनशास्त्राच्या भाषेत मात्र हे 'निष्कर्षण' होय: वनस्पतीतील नको तो क्षार पाण्याकरवी काढून टाकण्याचे. आज अनेक देशांतील प्रयोगशाळा अशाच खाद्य क्षारसह वनस्पतींतून हवी ती द्रव्ये काढून घेऊ पाहत आहेत, आणि तेही पर्यावरणाला न दुखविता.

या वनस्पतींकडेच लक्ष का जावे? एका बाजूने खारे पाणी आणि दुसऱ्या बाजूने प्रखर ऊन, अशा कोंडीत तगून राहण्यासाठी त्या आपल्या पेशींत संरक्षक द्रव्ये साठवितात. बीटेन आणि प्रोलीन पेशीतील पाणी टिकवून धरतात. फिनॉल वर्गातील द्रव्ये ऑक्सिडीकरणाची झळ कमी करतात. मोरसचीच नातलग असलेल्या सॅलिकॉर्नियाच्या एका जातीच्या बियांत २६ ते ३३ टक्के तेल व सुमारे ३१ टक्के प्रथिने असल्याचे १९९१ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते पीक चक्क समुद्राच्या पाण्यावर घेतलेले होते. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्थेने सॅलिकॉर्नियाच्या भारतीय जातीपासून खनिजयुक्त वनस्पतिज मीठ तयार करण्याची रीत बसविली आणि तिला २००५ साली अमेरिकी पेटंट मिळाले.

ही द्रव्ये काढण्याची रूढ पद्धत म्हणजे हेक्झेनसारखे द्रावक वापरणे. हेक्झेन खनिज तेलातून येते, चटकन पेट घेते आणि त्याच्या वाफेत दीर्घकाळ काम करणाऱ्यांच्या मज्जातंतूंना अपाय करते. त्याला आता पर्याय आहेत. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश तापमानाच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पटींहून अधिक दाबाखाली नेला, की तो ना धड वायू राहतो ना द्रव. तेले त्यात विरघळतात आणि दाब उतरताच तो मागमूस न ठेवता निघून जातो. पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापविले, तर एरवी त्यात नीट न विरघळणारी द्रव्येही विरघळू लागतात. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी पेशींच्या भिंती फोडल्या, म्हणजे थोड्या वेळात आणि थोड्या द्रावकात काम भागते.

इथवर सारे आशादायक आहे. परंतु द्रावक निरुपद्रवी झाला म्हणजे सारी प्रक्रिया निरुपद्रवी झाली, हे समीकरण घाईचे आहे. मांसल पानांचा बहुतांश भाग पाण्याचा असतो. ती सुकवायला इंधन लागते, उच्च दाब निर्माण करायला वीज लागते. अर्क निघाल्यावर उरलेला खारट चोथा पुन्हा खाडीतच ओतला, तर मिळविलेले पुण्य तिथेच बुडाले. शिवाय परीक्षानळीत दिसलेला गुण माणसाच्या शरीरात तसाच उतरेल, असे नाही. तेव्हा प्रक्रिया हिरवी की नाही, याचा हिशेब चिखलापासून बाटलीपर्यंत मांडला पाहिजे. ताज्या पानांचा रस आधी, मग मीठ, मग अर्क आणि शेवटी चोथ्याचे खत वा इंधन, अशी साखळी बसली तरच तो जुळेल.

याहून मोठा प्रश्न मालकीचा आहे. अर्काला भाव आला की खाजणातील झुडपे ओरबाडली जातील, हे सांगायला भविष्यवेत्ता नको. १९४८ च्या खारभूमी कायद्यापासून आपले धोरण मुख्यतः खारे पाणी बांधाबाहेर ठेवण्याचे राहिले. बांध फुटून पडीक झालेल्या शेतात खाऱ्या पाण्याचेच पीक घेता येईल का, हा विचार आता व्हावा. तसे झाले तर खाजणही वाचेल आणि शेतकऱ्याच्या हाती काही पडेल.

हळदीच्या औषधी गुणावरील अमेरिकी पेटंट १९९७ साली रद्द झाले, ते आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेला जुने लिखित दाखले देता आले म्हणून. मोरसचे ज्ञान ग्रंथांत नव्हे, चुलीपाशी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात लाभाच्या न्याय्य वाटपाची आणि स्थानिक नोंदवह्यांची तरतूद आहे. खाडीकाठच्या शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी मनावर घेतले, तर आजी-मावशींकडून ही माहिती टिपून त्या नोंदवहीपर्यंत पोचविणे अवघड नाही. त्यासाठी महागडे यंत्र नको. वही, पेन्सिल आणि ऐकण्याची तयारी पुरे. ज्या हातांनी पहिला खारा अर्क पिळून काढला, त्या हातांचे नाव उद्याच्या बाटलीमागील हिशेबात असलेच पाहिजे.