आधी पडद्यावर, मग जमिनीवर

नकाशावाचनाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो. या टेकडीवर उभ्या असलेल्या जवानाला पलीकडचा पूल दिसेल का? आपण समोच्च रेषा पाहतो, मधल्या उंचवट्याची उंची काढतो आणि उत्तर देतो. जुन्या शहरांचे नियोजन करणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो. नवी इमारत उभी राहिली, तर जुने मंदिर, किल्ला किंवा घुमट पूर्वीसारखा दिसेल का? त्याचे उत्तर शोधायला आज 'कॅड' म्हणजे संगणकाच्या साहाय्याने केलेले आरेखन वापरतात.

कॅड म्हणजे नुसते सुबक चित्र नव्हे. त्यात प्रत्येक भिंतीची लांबी, उंची आणि जागा मोजून भरलेली असते. म्हणून ती इमारत पडद्यावर फिरवून कोणत्याही बाजूने पाहता येते. शेजारी नवी इमारत ठेवून पाहता येते आणि शोभली नाही तर पुसता येते. खऱ्या शहरात बांधलेले असे पुसता येत नाही.

जर्मनीतील ड्रेस्डेन शहराची गोष्ट यासाठी समजून घेण्यासारखी आहे. फेब्रुवारी 1945 मधील बॉम्बहल्ल्यात हे शहर उद्ध्वस्त झाले. तेथील फ्राउएनकिर्शे या चर्चचा प्रचंड दगडी घुमट कोसळला आणि चाळीसहून अधिक वर्षे तो ढिगारा तसाच पडून होता. 1993 मध्ये तो उपसायला सुरुवात झाली. दगड मोजले, त्यांची छायाचित्रे काढली आणि ढिगाऱ्यात कोणता दगड कोठे सापडला तेही नोंदवले. कारण तो पडला कोठे, यावरून तो मूळ कोठे होता याचा अंदाज बांधता येतो. मग संगणकावर दगड सर्व बाजूंनी फिरवून कोणता कोठे बसतो ते शोधले. 2005 मध्ये चर्च पूर्ण झाले. सुमारे 3800 जुने दगड त्यात पुन्हा वापरले आहेत. नव्या फिकट दगडांमध्ये ते काळसर दगड आजही ओळखू येतात.

पण याच शहराची दुसरी बाजूही आहे. 2004 मध्ये ड्रेस्डेनजवळच्या एल्ब नदीच्या खोऱ्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथे वाहतुकीसाठी चौपदरी पूल बांधायचे ठरत होते आणि 2005 मध्ये नागरिकांनी मतदानाने त्याला संमती दिली. पुढच्या वर्षी आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाने पुलामुळे खोऱ्याचे दृश्य कसे बदलेल याचा अभ्यास केला. पूल त्या सलग दृश्याचे दोन तुकडे करील, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही पूल झालाच. 2009 मध्ये युनेस्कोने खोऱ्याचे नाव यादीतून काढले.

पूल मागणारे लोक चुकीचे होते असे मला म्हणायचे नाही. नदी ओलांडण्याची त्यांची अडचण खरी होती. पण काय मिळणार आणि काय जाणार, हे पूल बांधण्याआधीच समोर आले होते. अशा अभ्यासाचा खरा उपयोग तोच. निवड मात्र माणसांनाच करावी लागते.

आपल्या देशातही हा प्रश्न दूरचा नाही. अहमदाबादला 2017 मध्ये आणि जयपूरला 2019 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जयपूर 1727 मध्ये आखून वसवले, म्हणून त्याचे रस्ते सरळ आहेत आणि वर डोंगरावर नाहरगड आहे. तिथे लोक राहतात, दुकाने चालतात, म्हणून नवे बांधकाम होणारच. ते किती उंच असावे आणि कोठे असावे, हे आधी पडद्यावर तपासून घेता येते.

नकाशा कितीही अचूक असला तरी हुकूम नकाशा देत नाही, तो कमांडरला द्यावा लागतो. मात्र नकाशा न पाहता हुकूम देणारा कमांडर आपल्या तुकडीला संकटात टाकतो. शहराचेही तसेच आहे.