सुई टोचून दुखणं थांबतं का?

लावणी, खुरपणी, पाण्याचे हंडे, चुलीपुढचं बसणं. आपल्यातल्या कितीजणींची कंबर न् गुडघे दुखतात, हे काय सांगायला हवं? अशा वेळी कोणी सांगतं, "तालुक्याला सुयांचं शिबिर आहे, चल." जावं की न जावं? चला, आज ॲक्युपंक्चरबद्दल बोलू.

ही मूळची चीनची जुनी पद्धत. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे ती शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात सुरू केली. महाराष्ट्रात आता या उपचारासाठी वेगळा कायदा आहे.

ही सुई इंजेक्शनची नव्हे. ती केसासारखी बारीक आणि भरीव असते. तिच्यातून औषध जात नाही. जुने वैद्य म्हणत, शरीरातल्या वाटांनी शक्ती वाहते, ती सुईने मोकळी होते. आजचे डॉक्टर म्हणतात, सुईने नसा जाग्या होतात आणि शरीर स्वतःचं वेदनाशामक सोडतं. जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी, अर्धशिशी, उलटीची मळमळ यांत काहींना आराम पडतो. सगळ्यांना पडतोच असं नाही.

तिथे गेल्यावर आधी विचारपूस होते, नाडी आणि जीभ पाहतात. मग झोपवून काही ठिकाणी सुया टोचतात. मुंगी चावल्यासारखं वाटतं, नंतर जडपणा किंवा झिणझिण्या. वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते. उठताना सावकाश उठा. थोडं रक्त किंवा काळानिळा डाग दिसला तर घाबरू नका. पण छातीत दुखलं किंवा दम लागला, तर लगेच दवाखाना गाठा.

एका खेपेत भागत नाही. सहा ते दहा खेपा लागू शकतात. म्हणून फी, एसटीचं भाडं आणि बुडणारा रोज, असा हिशोब आधीच मांडा. पाच-सहा खेपांनंतर काहीच फरक नसेल, तर पुढे पैसे घालायचे का, हे स्पष्ट विचारा.

तीन गोष्टी मात्र सोडू नका. पहिली: सुई नवी हवी, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं. वापरलेल्या सुईने कावीळ आणि एचआयव्ही पसरू शकतो. दुसरी: उपचार करणाऱ्यांची नोंदणी आहे का, हे विचारा. तिसरी: दिवस गेले असतील, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल, तर आधीच सांगा.

याला पूरक उपचार म्हणतात. चटणीने भाकरीला चव येते, पण नुसत्या चटणीवर पोट भरत नाही. तसंच हे. बीपी, साखर, टीबी यांच्या गोळ्या सुयांसाठी बंद करायच्या नाहीत. "आधी गोळ्या सोडा" असं कोणी म्हणालं, तर तिथून उठा. स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यावर रक्त दिसलं, कंबरेबरोबर पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर आधी सरकारी दवाखाना.

पुढच्या बचतगटाच्या बैठकीत हे वाचून दाखवा. शिबिराला जाणारी बाई एकटी जाऊ नये आणि न विचारता सुई टोचून घेऊ नये, एवढं तरी आपण ठरवू या.