समजून घ्या : टॉयलेट क्लीनर, कापूर, उंदराचे औषध... घरातली रसायने जिवावर कधी बेततात?

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की घरोघरी अ‍ॅसिड, ब्लीच, फिनेल आणि डांबरगोळ्या बाहेर निघतात. सांगितल्याप्रमाणे वापरली तर ही उत्पादने आपले काम चोख करतात. धोका वाढतो तो प्रामुख्याने तीन चुकांमुळे : दोन रसायने एकत्र करणे, मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत ओतणे आणि लहान मुले किंवा पाळीव प्राण्यांच्या आवाक्यात ठेवणे.

दोन क्लीनर एकत्र केले तर काय होते?

टॉयलेट साफ करण्याच्या अनेक द्रवांत साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते. डाग निघत नाही म्हणून एकावर दुसरे ओतले की क्लोरीन वायू तयार होतो. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यावरही हेच घडते.

हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणजे उकिडवे बसून फरशी घासणाऱ्या व्यक्तीच्या, रांगत्या बाळाच्या आणि मांजराच्या नाकाशीच. डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते, छाती आवळल्यासारखी होते. फुप्फुसांना सूज येण्याचा त्रास काही तासांनीही दिसू शकतो. काच पुसण्याच्या काही द्रवांत अमोनिया असतो. तो ब्लीचमध्ये मिसळल्यास क्लोरामाइन हा दुसरा विषारी वायू तयार होतो.

घरकामासाठी कुणी येत असेल, तर ही गोष्ट त्यांनाही आवर्जून सांगायला हवी. बंद बाथरूममधला वायू आधी त्यांच्याच छातीत जातो.

बाटली बदलली तर काय बिघडते?

सुटे आणलेले फिनेल, थिनर किंवा रॉकेल शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. लहान मूल लेबल वाचत नाही, बाटली ओळखते. अंधारात तहान लागलेला मोठा माणूसही तेच करतो.

अशा वेळी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय अधिक घातक ठरतो. रॉकेल, थिनर आणि डास पळवण्याच्या यंत्रातले काही द्रव इतके पातळ असतात, की उलटी होताना ते श्वासनलिकेत शिरून फुप्फुसांना इजा करतात. अ‍ॅसिड किंवा तुंबलेले सिंक मोकळे करणारा कॉस्टिक सोडा उलटीवाटे परत येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतो.

अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले. खरेदीदाराची नोंद व ओळखपत्र बंधनकारक असून १८ वर्षांखालील व्यक्तीला अ‍ॅसिड विकता येत नाही.

कापूर आणि डांबरगोळ्यांचा काय धोका?

देवघरातली कापराची वडी लहान मुलाला खडीसाखरेसारखी वाटते. ती पोटात गेल्यावर काही मिनिटांतच झटके येऊ शकतात.

नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्यांचा धोका वेगळा आहे. काही मुलांमध्ये जन्मतः ‘जी-६-पीडी’ या विकराची कमतरता असते. अशा मुलांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात. नवजात बाळाला त्यातून तीव्र कावीळ होऊ शकते. त्यामुळे बाळासाठी ट्रंकेतून काढलेली जुनी दुपटी आणि लोकरीचे कपडे धुऊन, चांगले ऊन दाखवूनच वापरावेत.

उंदराचे औषध फसवे का?

कारण त्याचा परिणाम उशिरा दिसतो. पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट पोटात गेल्यावर सुरुवातीला उलट्या होतात, मग एक-दोन दिवस बरे वाटते. त्याच काळात यकृत निकामी होत असते. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांमुळे रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते. रक्तस्राव काही दिवसांनी सुरू होतो. कुत्र्यांनाही हाच धोका असतो. यावर ‘व्हिटॅमिन के-१’ हा उपचार आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. ‘आता बरे वाटतेय’ म्हणून रुग्णालय टाळणे इथे महागात पडते.

मांजराची जास्त काळजी का?

फिनॉल आणि परमेथ्रिन ही रसायने शरीरात निकामी करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फारच कमी असते. कुत्र्यासाठी आणलेले गोचिडांचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावले तर थरथर सुटते, झटके येतात. ओल्या फरशीवरचे फिनेल पंजांना लागते आणि चाटल्यावर पोटात जाते. फरशी पूर्ण कोरडी होईपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवावे.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण काय सांगतो?

कीटकनाशकांच्या वेष्टनावर हा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी. त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, निर्धोक नव्हे.

अपघात झालाच तर?

• वायू झाला असेल तर लगेच मोकळ्या हवेत या. बादली उचलायला पुन्हा आत जाऊ नका.
• डोळ्यांत किंवा त्वचेवर रसायन उडाल्यास किमान १५ मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याने धुवा. भिजलेले कपडे काढा.
• उलटी काढू नका. लिंबू, तेल किंवा इतर उतारा देऊ नका.
• बाटली किंवा वेष्टन सोबत घेऊनच रुग्णालयात जा. नेमके रसायन कळले तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.
• प्राण्याच्या अंगाला रसायन लागले असेल तर त्याला चाटू देऊ नका आणि तातडीने पशुवैद्यकाकडे न्या.
• रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. दिल्लीतील ‘एम्स’च्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक आजच मोबाइलमध्ये जतन करून ठेवा.