यकृत कडक होतं म्हणजे काय?


बचत गटाच्या बैठकीत एखादी हळूच सांगते, "मालकांचं पोट फुगलंय. डॉक्टर म्हणाले, लिव्हर गेलंय." लगेच कुणीतरी विचारतं, "पीत होते का?" आज या आजाराबद्दल, म्हणजे सिरोसिसबद्दल बोलू.

यकृत उजव्या बरगड्यांखाली असतं. साखर साठवणं, रक्त गोठवणारे घटक बनवणं, विषारी पदार्थ निकामी करणं ही त्याची कामं. थोडी इजा झाली तर ते पुन्हा भरून येतं. पण वर्षानुवर्षं इजा होत राहिली, की जखमेचा वण राहतो तसे वण आत पडतात. यकृत कडक, गाठाळ होतं. रक्त त्यातून सहज जात नाही, मागे दाब वाढतो. मग पोटात पाणी साठतं, हाच जलोदर. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात.

दारू हे मोठं कारण, पण एकमेव नाही. हिपॅटायटिस बी आणि सी, तसंच मधुमेह आणि वाढत्या वजनामुळे यकृतात साठणारी चरबी यांनीही सिरोसिस होतो. थेंबही न घेतलेल्या बाईलाही होतो. म्हणून पेशंटला दोष देण्याआधी तपासणीला न्या.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास, बरळणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, ताप येऊन पोट दुखणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, सांगली-मिरजेची शासकीय रुग्णालयं, जे जवळ असेल ते गाठा.

घरी मीठ कमी करा. पापड, लोणचं, सुकट बंद. पण उपाशी ठेवू नका. डाळ, दूध, अंडी डॉक्टरांना विचारून द्या, रात्री झोपताना थोडं खायला द्या. अंगदुखीच्या गोळ्या आणि काविळीची झाडपाल्याची औषधं मनानं देऊ नका.

दारू पूर्ण सुटायलाच हवी. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

पडलेले वण सहसा पूर्ण जात नाहीत, पण कारण थांबलं तर आजार तिथंच रोखता येतो. हिपॅटायटिस सी बहुतेकांत काही महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. बाळाला जन्मल्यावर 24 तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस द्या.

पुढच्या बैठकीत कुणी हळूच असं काही सांगितलं, तर "पीत होते का?" असं विचारू नका. "दवाखान्यात कधी जायचं? मी येते बरोबर," असं म्हणा.